गल्ल्यावरून बांधावर

पुणे–सोलापूर महामार्गावर इंदापूरच्या अलीकडे लोणी देवकर लागते. तेथे औद्योगिक वसाहत आहे, उत्तरेकडे उजनीचे पाणी पसरलेले आहे आणि सभोवती ऊस व डाळिंबाची शेती आहे. अशा भागातील व्यापारी घरातला मुलगा अभियांत्रिकीची पदवी घेऊन ठिबक सिंचनाच्या कंपनीत ‘ॲप्लिकेशन इंजिनिअर’ म्हणून रुजू झाला की वडीलधाऱ्यांना प्रश्न पडतो. हा माल बनवीत नाही, गल्ल्यावर बसत नाही. दिवसभर चिखलात उभा राहून नेमके करतो काय?

त्याचे काम एका हिशेबावरून समजेल. एक एकर ऊस, पाच फुटांवर नळ्या आणि नळीवर दर चाळीस सेंटिमीटरला ताशी चार लिटरचा ड्रिपर. म्हणजे सुमारे २,६५५ मीटर नळी, ६,६०० हून अधिक ड्रिपर आणि सेकंदाला साधारण सात ते साडेसात लिटर पाण्याची गरज. शेतकऱ्याचा पाच अश्वशक्तीचा पंप तीस मीटर दाबउंचीला सहा लिटरांच्या आसपास पाणी देतो. दुकानदार म्हणेल, मोठा पंप घ्या. इंजिनिअर म्हणतो, पंप तोच ठेवा. दोन व्हॉल्व्ह बसवून शेताचे दोन भाग करा, अथवा ताशी दोन लिटरचा ड्रिपर निवडा. पंपाची विक्री बुडते आणि घरात कुरबूर होते. मात्र तो पंप बहुधा कर्जावर घेतला जाणार असतो, आणि न लागणाऱ्या यंत्राचे व्याज पिकाच्या उत्पन्नातून फिटत नाही, हे व्यापाऱ्याला वेगळे सांगावे लागत नाही. अचौर्य अणुव्रताच्या अतिचारांत हीनाधिक मानोन्मान, म्हणजे माप कमी-जास्त करणे, सांगितले आहे. गरजेचेच माप चुकीचे सांगणे त्यापासून फार दूर नाही.

खरी कसोटी तक्रारीच्या वेळी लागते. ड्रिपर तुंबले की शेतकरी नळीला दोष देतो, विक्रेता पाण्याला आणि कंपनी निगेला. अनेकान्ताची शिकवण येथे शब्दशः उपयोगी पडते, कारण तिघांच्याही म्हणण्यात काही अंश खरा असू शकतो. इंजिनिअर ड्रिपर फोडून आत पाहतो. पांढरा थर असेल तर क्षारांचे पाणी, उपाय आम्लप्रक्रियेचा. हिरवट बुळबुळीत असेल तर शेवाळ. तेथे क्लोरीन लागते आणि धरण वा तळ्याचे उघडे पाणी असल्यास सँड फिल्टरही. विंधनविहिरीतून वाळू येत असेल तर हायड्रोसायक्लोन. केवळ जाळीचा फिल्टर देऊन स्वस्तात सौदा केलेला असेल, तर ते विक्रेत्यासमोर सांगण्याचे धैर्यही त्यालाच दाखवावे लागते. हा विक्रेता कधी कधी त्याचा काकाच असतो!

ही वाट समाजाला नवी नाही. सोलापूरच्या जैन कुटुंबात जन्मलेल्या वालचंद हिराचंद यांचे वालचंदनगर याच इंदापूर तालुक्यात आहे. वाकोदचे भवरलाल जैन यांनी १९६३ मध्ये सात हजार रुपयांवर रॉकेलविक्रीने आरंभ केला. पुढे जळगावहून ते ठिबककडे वळले, तेव्हा नुसत्या नळ्या विकून भागणार नव्हते. माती-पाण्याची तपासणी, आखणी, उभारणी आणि पीकसल्ला हेही मालाबरोबर द्यावे लागले. २००८ मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली. विक्रीचा व्यवहार बांधापर्यंत नेणाऱ्या अशा माणसांच्या बळावरच हा व्यवसाय उभा राहिला.

संच बसल्यावर इंजिनिअर मापपात्र व घड्याळ घेऊन शेवटच्या नळीच्या टोकाशी बसतो. चार लिटरच्या ड्रिपरमधून तीन मिनिटांत दोनशे मिलिलिटर पाणी पडले पाहिजे. मग तो पहिल्या नळीकडे जाऊन तेच मोजतो. फरक दहा टक्क्यांहून अधिक निघाला, तर त्या दिवशी तो बिलावर सही मागत नाही.