घरच्या काचपेटींतील मासे व गोगलगाई

शेतकऱ्यांच्या मासिकांत शोभेच्या माशांवर लेख कशाला, असें कित्येक वाचकांच्या मनांत येईल. आमच्याहि मनांत तें आलें होतें. परंतु गेल्या वर्षीं आमच्या घरीं जें घडलें, त्यावरून आमची खात्री झाली कीं, शेताच्या मातींत जो व्यवहार चालतो तोच त्या दोन फुटी पेटींतहि चालतो. हल्लीं मुलांच्या हौसेनें अशा पेट्या खेडोपाडींहि आल्या आहेत, व त्यांतील जीव पंधरा दिवसांत मरतात हेंहि आपण पाहतों. तेव्हां चार अनुभवाच्या गोष्टी सांगणें अनाठायीं होणार नाहीं.

महसूल खात्यांतील कारकुनी संपवून आम्ही गांवीं राहावयास आलों, तेव्हां नातवानें काचपेटी मागितली. दोन फूट लांब, एक फूट रुंद व एक फूट उंच अशी पेटी आणिली. वर दोन इंच जागा सोडून व तळाशीं खडे घालून तींत सुमारें 45 लिटर पाणी मावतें. दहा गप्पी मासे, आठ गोगलगाई व थोड्या पाणवनस्पति सोडल्या. दोन महिने सर्व ठीक चाललें. उन्हाळ्यांत काचेवर हिरवा थर धरूं लागला. एका माहितगार गृहस्थांनीं चिमूटभर मोरचूद टाकण्यास सांगितलें. द्राक्षांवर बोर्डो मिश्रण मारणाऱ्यांस मोरचुदाचा गुण ठाऊक असतो. तसा तो आम्हांसहि ठाऊक होता. अवगुणाचा विचार न करितां आम्हीं चिमूट टाकली. दुसरे दिवशीं गोगलगाई तळाशीं निपचित पडल्या. त्या विसावल्या असतील असें समजून आम्ही स्वस्थ बसलों. तिसरे दिवशीं पाणी पांढुरकें होऊन घाण सुटली, आणि चौथे दिवशीं सकाळीं सात मासे मरून तरंगत होते. नातवानें दोष दिला नाहीं. "आजोबा, औषध मोजून टाकलें होतें का?" एवढेंच त्यानें विचारलें. तीस वर्षें दुसऱ्यांचे आंकडे तपासणाऱ्या मनुष्यास याहून मोठी शिक्षा कोणती?

मागाहून आम्हीं हिशेब केला. चिमूट अर्ध्या ग्रॅमची धरली तरी लिटरमागें अकरा मिलिग्रॅम मोरचूद झालें. तांबें हें गोगलगाईंस अत्यल्प प्रमाणांतहि विष आहे. पाण्यांतील गोगलगाई मारण्यास मोरचूद मुद्दाम वापरीत आले आहेत. गोगलगाई मेल्या, हिरवा थर मेला, दोन्ही कुजलीं, व त्या कुजण्यानें आणि तांब्यानें मिळून मासे मारिले. म्हणून माशांचें कोणतेंहि औषध घेतांना त्यांत तांबें आहे काय हें आधीं पाहावें, व असल्यास गोगलगाई असलेल्या पेटींत तें घालूं नये.

मासे व गोगलगाई एकत्र ठेवण्याची युक्ति जुनी आहे. लंडन येथील रसायनशास्त्रज्ञ रॉबर्ट वॅरिंग्टन यानें 1850 सालीं आपला प्रयोग विद्वानांपुढें मांडिला. त्यानें काचेच्या मोठ्या भांड्यांत दोन लहान सोनमासे व वॅलिस्नेरिया नांवाची पाणवनस्पति ठेविली. जुनीं पानें कुजून पाणी बिघडूं लागलें, तेव्हां त्यानें तळ्यांतील गोगलगाई सोडल्या. त्यांनीं कुजकें खाऊन टाकिलें व पाणी निवळलें. त्याच नांवाचा त्याचा पुत्र पुढें रॉथॅम्स्टेडच्या प्रसिद्ध शेतकी संशोधन केंद्रांत होता. जमिनींतील अमोनियाचें नायट्रेट सूक्ष्म जंतु दोन पायऱ्यांनीं करितात, हें दाखविण्यांत त्याचा मोठा वांटा आहे.

पुत्रानें मातींत पाहिलें तेंच पित्याच्या भांड्यांतहि चालत होतें. माशांची विष्ठा व उरलेलें अन्न यांपासून अमोनिया होतो; तो माशांच्या कल्ल्यांस जाळतो. एक जातीचे जंतु त्याचें नायट्राइट करितात. त्यानें रक्ताची प्राणवायु वाहण्याची शक्ति जाते. दुसऱ्या जातीचे जंतु त्याचें नायट्रेट करितात. तें पुष्कळ सौम्य असून वनस्पतींचें खाद्य होतें. हे जंतु खडे, काच व गाळणीचा स्पंज यांवर वस्ती करितात, आणि ती वस्ती पुरी होण्यास चार ते सहा आठवडे लागतात. ताजें शेण पिकास बाधतें व मुरलेलें खत मानवतें, तसेंच हें आहे. नव्या पेटींत पहिल्याच दिवशीं डझनभर मासे सोडणें म्हणजे त्यांस मरणास धाडणें होय. प्रथम वनस्पति लावाव्या, मग दोन-तीन मासे सोडावे, आणि महिन्यानें संख्या वाढवावी.

पाण्याविषयीं असें कीं, नळाच्या किंवा टी.सी.एल. पावडर टाकलेल्या विहिरीच्या पाण्यांत क्लोरीन असतो. तो मासे व उपयोगी जंतु या दोघांसहि मारक आहे. असें पाणी उघड्या बादलींत एक अहोरात्र ठेवून मग वापरावें. दर आठवड्यास चौथा हिस्सा पाणी बदलावें; सर्व पाणी एकदम कधींहि काढूं नये. गाळणीचा स्पंज काढलेल्या पाण्यांतच खळबळावा. तें पाणी भाजीच्या वाफ्यास द्यावें, त्यांत खताचा अंश असतो. मात्र औषध घातलेलें पाणी देऊं नये.

गोगलगाईंच्या शंखास चुना लागतो. पावसाच्या मृदु पाण्यांत त्यांचे शंख पांढरे पडून झिजतात. अंड्याचें कवच धुऊन, वाळवून पेटींत टाकावें म्हणजे ती उणीव भरून निघते. गप्पी माशांसहि असें थोडें जड पाणी मानवतें. जी गोगलगाय दोन दिवस हालत नाहीं ती उचलून वास घ्यावा. घाण येत असल्यास तत्काळ बाहेर टाकावी. आम्हीं एवढें केलें असतें तर कांहीं मासे तरी अधिक वांचते.

खाद्य दोन-तीन मिनिटांत संपेल इतकेंच द्यावें. गोगलगाईंची पैदास एकाएकीं वाढली तर खाद्य जास्त होतें असें समजावें. पहांटे मासे वर येऊन तोंड वासतात, याचें कारण रात्रीं वनस्पतिहि प्राणवायु खातात. त्यांत उष्ण पाण्यांत प्राणवायु कमी मावतो: 20 अंशांवर लिटरमागें सुमारें नऊ मिलिग्रॅम, तर 30 अंशांवर साडेसात. म्हणून उन्हाळ्यांत पेटी सावलींत ठेवावी, हवेचा पंप चालू ठेवावा, व हिरवा थर हातानें पुसावा.

शेवटीं एक गोष्ट गुरें बाळगणाऱ्यांनीं ध्यानांत धरावी. गुरांच्या व मेंढ्यांच्या यकृतांत राहणारे चपटे कृमि आपल्या आयुष्याचा एक भाग पाणगोगलगाईंच्या अंगांत काढितात. म्हणून ओढ्यांतील गोगलगाई पेटींत आणूं नयेत, आणि पेटींतील गोगलगाई किंवा परदेशी मासे गुरांच्या हौदांत, विहिरींत अगर ओढ्यांत सोडूं नयेत.

वांचलेल्या तीन माशांपासून आज आमच्या पेटींत पुन्हां पिलें झालीं आहेत. पेटीजवळ एक वही टांगली आहे. तारीख, खाद्य, किती पाणी बदललें, किती जीव मोजले, हें नातू स्वतः लिहितो, व आम्ही खालीं सही करितों. मोजल्यावांचून कांहीं टाकावयाचें नाहीं, हा त्या वहीच्या पहिल्या पानावरील नियम त्यानेंच लिहिला आहे.