देवगाव रंगारीची दोन मते

कन्नडचे माजी आमदार हर्षवर्धन जाधव 2024 च्या मे महिन्यात औरंगाबाद लोकसभा मतदारसंघात अपक्ष उभे राहिले, तेव्हा सहा विधानसभा क्षेत्रांत मिळून त्यांना चाळीस हजारांच्या आत मते पडली. नोव्हेंबरमध्ये ते विधानसभेला पुन्हा अपक्षच उभे राहिले आणि त्या सहांपैकी एकट्या कन्नडमध्ये त्यांनी 66 हजारांवर मते घेतली. माणूस तोच, तालुका तोच, मतदारयादी जवळपास तीच. मधे गेला होता एक पावसाळा आणि थोडी दिवाळी.

देवगाव रंगारी हे याच कन्नड तालुक्यातले गाव. वेरूळहून कसाबखेडा फाट्यावरून शिऊर बंगल्याकडे निघालो की वाटेत लागते. पोलीस ठाणे, आठवडी बाजार, आजूबाजूला कापूस, मका आणि कांदा. विधानसभेला गाव कन्नडमध्ये, लोकसभेला औरंगाबादमध्ये. जिल्ह्याचे नाव छत्रपती संभाजीनगर झाले, पण लोकसभा मतदारसंघ निवडणूक आयोगाच्या कागदावर अजून औरंगाबादच आहे, कारण ते नाव 2008 च्या पुनर्रचनेच्या आदेशातून आलेले आहे. म्हणजे गाव एका नावाच्या जिल्ह्यात राहते आणि दुसऱ्या नावाच्या मतदारसंघात खासदार निवडते.

चाळीस हजार आणि सहासष्ट हजार यांतला फरक पाहून शहरातली शहाणी माणसे म्हणतात, ग्रामीण मतदार लहरी आहे, आज इकडे उद्या तिकडे. मला हे पटत नाही. माझ्या मते हा मतदार दोन वेगळ्या प्रश्नांची दोन वेगळी उत्तरे देतो, आणि पहिल्या मतदानापासून देत आला आहे.

देवगावने पहिले मत दिले ते 1952 मध्ये, हैदराबाद राज्यात. निजामी राजवट संपून साडेतीन वर्षेही झाली नव्हती. त्या वेळी प्रत्येक उमेदवाराची वेगळी मतपेटी असे. पेटीवर चिन्ह चिकटवलेले असायचे आणि मतदार पडद्याआड जाऊन कोरी पत्रिका आपल्या पेटीत टाकायचा. लोकसभेच्या पेट्या वेगळ्या, विधानसभेच्या वेगळ्या. त्या विधानसभेतून बुर्गुला रामकृष्ण राव यांचे सरकार हैदराबादेत बसले. 1957 मध्ये याच गावाने विधानसभेसाठी मत दिले ते द्वैभाषिक मुंबई राज्यात, आणि 1962 मध्ये महाराष्ट्रात. तीन निवडणुका, तीन राज्ये आणि गाव जागचे हललेले नाही. दिल्लीचा मतदारसंघ मात्र औरंगाबादच राहिला. 1952 ला तिथून सुरेशचंद्र आर्य गेले आणि 1957 ला स्वामी रामानंद तीर्थ. राज्य ही बदलती गोष्ट आहे, दिल्ली कायम आहे, हा धडा मराठवाड्यातल्या खेड्यांना पुण्या-मुंबईपेक्षा फार आधी आणि फार प्रत्यक्ष मिळाला. विधानसभेचे मत वेगळ्या तराजूत तोलायची सवय तिथूनच पडली असावी, असा माझा अंदाज आहे. पुरावा मागाल तर तो नाही.

1967 पर्यंत दोन्ही मतदाने एकत्र होत. इंदिरा गांधींनी लोकसभा मुदतीआधी बरखास्त करून मार्च 1971 मध्ये निवडणूक घेतली आणि महाराष्ट्राची विधानसभा 1972 मध्ये एकटीच झाली. तिथे फाटा फुटला. तो पुन्हा जुळला तो 1999 मध्ये.

ते वर्ष सविस्तर सांगण्यासारखे आहे. एप्रिलमध्ये वाजपेयी सरकार एका मताने पडले. महाराष्ट्रात नारायण राणे मुख्यमंत्री होते. विधानसभेची मुदत शिल्लक असतानाही ती विसर्जित करायची आणि लोकसभेबरोबर उरकून घ्यायची, असे शिवसेना-भाजप युतीने ठरवले. हिशेब सरळ होता. वाजपेयींविषयी सहानुभूती आहे, दिल्लीला कमळ-धनुष्य चालले की मुंबईलाही चालेल. त्यातच 10 जूनला शरद पवारांनी राष्ट्रवादी काँग्रेस स्थापन केली आणि विरोधकांची मते दुभंगली. इतके अनुकूल ताट कोणाला वाढून मिळते?

सप्टेंबरमध्ये मतदान झाले. लोकसभेची मतपत्रिका पांढरी आणि विधानसभेची गुलाबी, ही आयोगाची पद्धत. एकाच खोलीत, एकाच दिवशी, बोटाला एकदा शाई लावून घेऊन मतदाराने दोन पत्रिका घेतल्या. पांढऱ्या पत्रिकांनी युतीला 48 पैकी 28 खासदार दिले. गुलाबी पत्रिकांनी शिवसेनेला 69 आणि भाजपला 56 जागा दिल्या. बेरीज 125, बहुमताला हवेत 145. निवडणुकीत एकमेकांवर तुटून पडलेले काँग्रेस आणि राष्ट्रवादी निकालानंतर एकत्र आले आणि 18 ऑक्टोबरला विलासराव देशमुखांनी शपथ घेतली. औरंगाबादने त्याच सप्टेंबरमध्ये शिवसेनेचे चंद्रकांत खैरे यांना प्रथमच लोकसभेत पाठवले. तिथपासून ते सलग चार वेळा निवडून आले. आता यावर कोणी म्हणेल, दोन काँग्रेस वेगळ्या लढल्या म्हणून आकडे तसे दिसतात. पण त्या दोन्ही पत्रिकांवर वेगळ्याच लढल्या होत्या. तरीही पांढरीवर एक निकाल लागला आणि गुलाबीवर दुसरा.

एकाच दिवशी दोन प्रश्न विचारण्याची ही रीत अमेरिकेत नेहमीची आहे, आणि ती समजून घ्यायला आपल्याकडे एक हक्काचा माणूस आहे. श्री ठाणेदार. जन्म 1955 चा, वाढले बेळगावात. मुंबई विद्यापीठात रसायनशास्त्र शिकले, भाभा अणुसंशोधन केंद्रात काम केले, 1979 मध्ये अमेरिकेला गेले, ओहायोतल्या अ‍ॅक्रन विद्यापीठातून पीएच.डी. झाले आणि रासायनिक चाचण्यांच्या धंद्यात कधी पैसा केला, कधी गमावला, पुन्हा केला. त्यांचे ‘ही श्रीची इच्छा’ हे मराठी आत्मकथन बऱ्याच वाचकांना ठाऊक असेल. 2018 मध्ये ते मिशिगन राज्याच्या गव्हर्नरपदासाठी डेमोक्रॅटिक पक्षाच्या प्राथमिक फेरीत उतरले. स्वतःचे लाखो डॉलर ओतले, तिघांत तिसरे आले. 2020 मध्ये मिशिगनच्या विधानसभेत गेले. 2022 मध्ये डेट्रॉईट शहराच्या 13 व्या मतदारसंघातून थेट अमेरिकेच्या काँग्रेसमध्ये, 2024 मध्ये पुन्हा तिथेच.

या क्रमात दोन गोष्टी लक्षात येतात. गव्हर्नरला सारे राज्य मत देते. म्हणजे आपला मुख्यमंत्री आमदारांनी न निवडता देवगावपासून सावंतवाडीपर्यंतच्या प्रत्येक मतदाराने थेट निवडावा, तसे. आणि पक्षाचे तिकीट कोणाला, हेही तिथे मतदारच ठरवतात. मुंबईच्या एखाद्या बंगल्यावर रात्री दोनला एबी फॉर्म वाटले जात नाहीत. साऱ्या राज्याच्या फेरीत मागे पडलेले ठाणेदार एका शहराच्या मतदारसंघात जिंकले. 2022 च्या प्राथमिक फेरीत नऊ उमेदवार होते आणि त्यांना तीस टक्क्यांच्या आत मते मिळूनही तिकीट मिळाले. मतविभागणीचे हे गणित औरंगाबादकरांना समजावून सांगायची गरज नाही. त्याकडे येतोच.

मिशिगनची मतपत्रिका लांबलचक असते. राष्ट्राध्यक्ष, सिनेटर, काँग्रेसचा सदस्य, राज्याचे आमदार, काउंटीचे अधिकारी, न्यायाधीश. तिच्या माथ्यावर पक्षांचा एक रकाना असतो. तिथे एक लंबगोल काळा केला की पक्षाच्या सगळ्या उमेदवारांना मत पडते, खाली वाचायचीही गरज नाही. इतकी सोय असताना 2024 च्या नोव्हेंबरमध्ये काय झाले? मिशिगनने राष्ट्राध्यक्षपदासाठी रिपब्लिकन ट्रम्प यांना सुमारे 80 हजारांचे मताधिक्य दिले आणि त्याच कागदावर सिनेटसाठी डेमोक्रॅट एलिसा स्लॉटकिन यांना सुमारे 19 हजारांनी निवडले. त्याच दिवशी व्हरमाँट राज्याने कमला हॅरिस यांना भरघोस मते दिली आणि गव्हर्नर म्हणून रिपब्लिकन फिल स्कॉट यांना सत्तर टक्क्यांहून अधिक. 1999 चा महाराष्ट्र काही जगावेगळा नव्हता.

आता औरंगाबाद. वीस लाखांवर मतदार, सहा विधानसभा क्षेत्रे: औरंगाबाद मध्य, पश्चिम, पूर्व, गंगापूर, वैजापूर आणि कन्नड. त्यातली पहिली तीन शहराची. लोकसभेचे भाषण क्रांती चौकात होते आणि मुद्दे शहराचे असतात: नामांतर, पाणी, हिंदू-मुस्लिम. देवगावच्या कांद्याचा भाव त्या भाषणात क्वचित येतो. 2019 मध्ये हे शहरी गणित ग्रामीण भागाने उधळले. जाधवांनी जुलै 2018 मध्ये मराठा आरक्षणाच्या आंदोलनात आमदारकीचा राजीनामा ई-मेलने पाठवला होता. त्याच दिवसांत देवगाव रंगारीच्या एका शेतकऱ्याने आंदोलनात विष घेऊन जीव दिला होता आणि तालुका धुमसत होता. एप्रिल 2019 मध्ये जाधवांचे चिन्ह असलेला ट्रॅक्टर लोकसभेला चालला तो 2,83,798 मतांपर्यंत. एमआयएमचे इम्तियाज जलील 3,89,042 मते घेऊन जिंकले, खैरे 3,84,550 वर थांबले. फरक 4,492. सलग चार निवडणुका जिंकलेला खासदार ट्रॅक्टरखाली आला, असे लोक म्हणाले, आणि ते चूक नव्हते.

मग ऑक्टोबर आला. लोकसभेला पावणेतीन लाखांवर मते घेणारा माणूस आपल्या घरच्या कन्नडमध्ये विधानसभेला पडला. शिवसेनेचे उदयसिंग राजपूत अठरा हजारांच्या वर मतांनी जिंकले. एप्रिलमधले मत खैरेंवरचा राग होता, समाजाचा आक्रोश होता. ऑक्टोबरमध्ये प्रश्न होता तहसीलमध्ये आपले काम कोण करेल, रोहित्र जळाले तर फोन कोण उचलेल. 2009 ला मनसेच्या इंजिनावर आणि 2014 ला धनुष्यबाणावर, तेही काठावर, जाधवांना निवडणारा तालुका त्यांना चांगला ओळखत होता. ओळखीचा फायदा होतो तसा तोटाही होतो.

2022 मध्ये शिवसेना फुटली तेव्हा जिल्ह्यातल्या सहा सेना आमदारांपैकी पाच एकनाथ शिंदे यांच्याबरोबर गेले. राजपूत तेवढे ठाकरेंकडे राहिले. मे 2024 च्या निवडणुकीत शिंदेंचे संदिपान भुमरे 4,76,130 मते घेऊन खासदार झाले. जलील 3,41,480 वर, खैरे तिसरे. मराठवाड्यातल्या आठपैकी महायुतीची ही एकमेव जागा. कांद्याच्या निर्यातबंदीने आणि अंतरवाली सराटीच्या मराठा आरक्षण आंदोलनाने बाकी सात घालवल्या होत्या. शेजारच्या जालन्यात महायुतीचे रावसाहेब दानवे लाखाच्या वर मतांनी पडले.

त्यानंतर जूनच्या शेवटी लाडकी बहीण योजना आली, महिन्याला 1500 रुपये, आणि साडेसात अश्वशक्तीपर्यंतच्या शेतीपंपांचे वीजबिल माफ झाले. निर्यातबंदी दिल्लीची होती, पैसे मुंबईचे. नोव्हेंबरमध्ये कन्नडची लढत उभी राहिली ती अशी: शिंदेंच्या शिवसेनेकडून संजना जाधव, म्हणजे दानवे यांची कन्या. समोर त्यांच्यापासून विभक्त झालेले हर्षवर्धन जाधव. तिसरे राजपूत, ठाकरेंच्या मशालीवर. वृत्तवाहिन्यांना नवरा-बायकोच्या सामन्याखेरीज दुसरे काही दिसेना. संजना जाधव अठरा हजारांच्या वर मतांनी जिंकल्या आणि राजपूत तिसऱ्या क्रमांकावर गेले. वडिलांना जूनमध्ये जो निकाल ऐकावा लागला, त्याच्या उलटा निकाल मुलीने सहा महिन्यांत ऐकला. एका पक्षाची हवा म्हणून हे सगळे समजावता येते, पण मग मेमधले चाळीस हजार आणि नोव्हेंबरमधले सहासष्ट हजार समजावता येत नाहीत. कन्नडमधल्या कित्येकांनी हर्षवर्धन जाधवांना दिल्लीसाठी नको म्हटले आणि मुंबईसाठी चालेल म्हटले.

17 डिसेंबर 2024 ला लोकसभेत 129 वे घटनादुरुस्ती विधेयक मांडले गेले. दोन्ही मतदाने पुन्हा एकत्र आणायची आहेत. यासाठी नेमलेल्या रामनाथ कोविंद समितीचा अहवाल अठरा हजारांवर पानांचा आहे. खर्च वाचेल, आचारसंहितेत अडकणारी कामे सुटतील, हे खरेच आहे. विरोधक म्हणतात, मतदार दोन्हीकडे एकच बटण दाबेल आणि राज्यातले पक्ष संपतील. 1999 आणि मिशिगन पाहता मला ही भीती अतिशयोक्त वाटते. माझा आक्षेप तारखेला नाही, मधल्या काळाला आहे. अमेरिकेत एकाच दिवशी ढीगभर मते देतात, पण वर्षे गुंफलेली असतात. ठाणेदारांना दर दोन वर्षांनी मतदारापुढे उभे राहावे लागते. मिशिगनचा गव्हर्नर तर मुद्दाम राष्ट्राध्यक्षाच्या निवडणुकीच्या मधल्या वर्षी निवडतात: 2018, 2022.

देवगावकरांना ही मधली संधी कशाला हवी, ते गावातून जाणारा रस्ता सांगतो. सोलापूर-धुळे राष्ट्रीय महामार्गावर कन्नडचा औट्रम घाट आहे. तिथल्या बोगद्याची चर्चा वर्षानुवर्षे चालू आहे. ऑगस्ट 2023 मध्ये उच्च न्यायालयाच्या औरंगाबाद खंडपीठाच्या आदेशाने घाटातून अवजड वाहतूक बंद झाली आणि ट्रक कसाबखेडा, देवगाव रंगारी, शिऊर बंगला, नांदगाव असे वळवले गेले. बोगदा केंद्राचा, वळवलेल्या वाहतुकीचा बंदोबस्त राज्याचा, आणि गावातल्या आतल्या रस्त्यांसाठी जिच्याकडे जायचे त्या जिल्हा परिषदेची मुदत मार्च 2022 मध्येच संपून तिथे तेव्हा प्रशासक बसलेला होता. बोगद्याचे काय झाले, हे मे महिन्यात खासदारकीच्या उमेदवाराला विचारता आले आणि नोव्हेंबरमध्ये आमदारकीच्या. दोघेही एकाच दिवशी येऊन एकाच दिवशी गेले असते, तर पुढचा प्रश्न 2029 मध्येच.