नातवंडांची शाळा आणि आपण आजी-आजोबा



माझी धाकटी लेक अमेरिकेत मिशिगन राज्यात, डेट्रॉईटजवळच्या नोव्हाय या गावी राहते. मोटारींच्या धंद्यामुळे तेथे भारतीय आणि जपानी कुटुंबांची चांगलीच वस्ती आहे. दरवर्षी दोन-तीन महिने मी तिच्याकडे जाऊन राहते. आपल्यापैकी पुष्कळांची मुले अशीच परदेशी आहेत आणि नातवंडांना शाळेतून आणण्याचे काम आपल्यावर येते. म्हणून हा लेख.

पहिल्या वर्षी लेकीला कामावर उशीर झाला आणि तिने मला नातीला आणायला पाठवले. शाळेचे दार बंद. बेल दाबली, पासपोर्ट दाखवला. ऑफिसातल्या बाईंनी यादी पाहिली आणि नम्रपणे सांगितले, "आपले नाव यादीत नाही." नात काचेपलीकडून "सावता, सावता" म्हणून हात हलवत होती. तरी तिला माझ्याबरोबर सोडले नाही. लेक येईपर्यंत मी बाकावर बसून राहिले. तीस वर्षे दुसऱ्यांची मुले सांभाळली, आणि आज स्वतःची नात मिळेना! फार राग आला.

रात्री शांतपणे विचार केला तेव्हा त्या बाईंचे बरोबर वाटले. मुंबईला मी आपल्या कदूरी शाळेत शिकले. ही शाळा १८७५ साली इस्रायली शाळा म्हणून सुरू झाली. तेथे बाईंना प्रत्येकाचे घर ठाऊक असे. मूल आले नाही तर शेजारचा मुलगा उठून सांगे, "बाई, त्याला ताप आहे." नोव्हायच्या शाळेत जगभरची मुले येतात. कोणाची आजी कोण, हे ऑफिसला चेहऱ्यावरून कळणार कसे? आपल्या वेळी जे काम ओळख करीत असे, ते तेथे कागद करतो. एवढे ध्यानात ठेवले की पुढचे सगळे नियम समजतात.

पहिला कागद म्हणजे तातडीच्या वेळी कोणाला बोलवायचे, मूल कोणाच्या ताब्यात द्यायचे, याचा फॉर्म. वर्षाच्या सुरुवातीला आईवडील तो भरतात. त्यात आपले नाव, पासपोर्टात आहे तसेच, लिहायला सांगा. त्या देशात चालणारा आपला फोन नंबरही द्या. नोव्हाय गाव एक असले तरी त्याचे वेगवेगळे भाग चार शिक्षण मंडळांत मोडतात, म्हणून शेजारणीचा नियम आपल्याला लागू होईलच असे नाही. आपल्या शाळेचे पत्रक वाचावे.

दुसरी गोष्ट हजेरीची. मिशिगनच्या कायद्याने ६ ते १८ वर्षांच्या मुलांना शिक्षण सक्तीचे आहे. मूल येणार नसेल तर सकाळीच शाळेला कळवायचे. कळवले नाही तर शाळा घरी फोन करते. हा फोन दटावण्यासाठी नसतो. घरून निघालेले मूल वर्गात पोचले नसेल तर ते कुठे आहे, हा प्रश्न पहिल्या तासालाच विचारला जावा म्हणून तो असतो.

शाळेचे दिवस साधारण १८० असतात. त्यांतले दहा टक्के, म्हणजे १८ दिवस चुकले की मूल 'सतत गैरहजर' या गटात मोजले जाते. यात आजारपणाचे आणि परवानगीने घेतलेले दिवसही धरतात. आता आपला हिशेब करू. रोश हशानाचे दोन दिवस, योम किप्पूरचा एक. त्या दिवशी शाळा चालू असेल तर झाले तीन. त्यात पेसाहच्या सुमारास "नातवंडांना तीन आठवडे इकडे घेऊन या" असा आपला आग्रह. त्याचे शाळेचे पंधरा दिवस. तीन आणि पंधरा अठरा! अजून सर्दी-खोकला धरलाच नाही. सणाची रजा अवश्य घ्यावी, आधी चिठ्ठी देऊन घ्यावी. पण लांबचा प्रवास सुट्टीत बसवावा. इथे आपण आजी-आजोबांनी आग्रह आवरायला हवा.

तिसरी गोष्ट औषधाची आणि खाऊची. अकामोलची गोळी पुडीत बांधून दप्तरात ठेवू नये. शाळेत औषध द्यायचे तर आईवडिलांची लेखी परवानगी आणि डॉक्टरांची सूचना लागते, आणि औषध मूळ डबीतच हवे. दम्याचा पंप मूल जवळ बाळगू शकते, पण त्यालाही असाच कागद लागतो. ताप आला तर औषध न घेता चोवीस तास ताप नसावा, मगच शाळेत पाठवावे. सकाळी गोळी देऊन ताप उतरवून पाठवणे म्हणजे स्वतःला आणि शाळेलाही फसवणे. वर्गात वाटायला बांबा किंवा शेंगदाण्याची चिक्की नेऊ नये. आपल्याला तो साधा खाऊ वाटतो, पण शेंगदाण्याची ॲलर्जी असलेल्या मुलाचा त्याने श्वास कोंडतो. अशा वेळी द्यायचे इंजेक्शन तेथल्या सरकारी शाळांत ठेवलेले असते, ते उगीच नाही.

चौथी गोष्ट लशींची, आणि ती आपल्याला सर्वांत जवळची आहे. २०१९ च्या मार्चमध्ये इस्रायलहून निघालेला एक प्रवासी न्यूयॉर्कमार्गे डेट्रॉईटजवळच्या ज्यू वस्तीत आला. त्याला गोवर झाला होता, पण ते त्याला ठाऊक नव्हते. त्याच्यापासून सुरू झालेल्या साथीत सुमारे चाळीस जणांना गोवर झाला, बहुतेक आपल्याच धर्माचे लोक. नोव्हाय ज्या ओकलंड काउंटीत आहे त्याच काउंटीत हे घडले. रब्बींनी लस घ्या असे सांगितले, वस्तीतच लसीकरण झाले आणि साथ आटोक्यात आली. गोवराचा रोगी खोलीतून गेल्यावरही दोन तासांपर्यंत त्या हवेतून रोग लागू शकतो. म्हणून शाळेत गोवर निघाला तर लस न घेतलेल्या मुलाला तीन आठवडे घरी ठेवू शकतात.

मिशिगनमध्ये शाळेत नाव घालताना लशींचा दाखला लागतो. लस नको असेल आणि कारण वैद्यकीय नसेल तर २०१५ पासून काउंटीच्या आरोग्य खात्यात जाऊन आधी माहिती ऐकून घ्यावी लागते. इस्रायलहून मूल कायमचे जाणार असेल तर टिपत हलावची वही बरोबर द्या. आपल्याकडे गोवराचा दुसरा डोस साधारणपणे पहिलीत देतात, तेथे तो बालवर्गात जातानाच मागतात. भारतात नवव्या महिन्यात दिलेला गोवराचा डोसही तेथे धरत नाहीत, पहिल्या वाढदिवसानंतरचेच धरतात. आणि विमानात बसण्याआधी स्वतःच्या लशींबद्दलही डॉक्टरांना विचारा. २०१९ चा तो प्रवासी मोठा माणूस होता, मूल नव्हते.

शेवटी सुरक्षिततेच्या सरावाविषयी. मिशिगनच्या शाळांत वर्षातून निदान पाच वेळा आगीचा, दोनदा चक्रीवादळाचा आणि तीनदा दारे बंद करून आत थांबण्याचा सराव होतो. याच ओकलंड काउंटीत ऑक्सफर्ड गावच्या हायस्कुलात ३० नोव्हेंबर २०२१ रोजी एका विद्यार्थ्याने गोळीबार केला आणि चार मुले गेली. बंदूक घरातली होती. त्याच्या आईवडिलांनाही तुरुंगवास झाला. फेब्रुवारी २०२४ पासून मुले असलेल्या घरात बंदूक कुलपात ठेवण्याचा कायदा तेथे लागू आहे. असा प्रसंग आल्यास शाळेकडे धावू नये आणि मुलाला फोन करू नये. लपलेल्या मुलाचा फोन वाजला तर ते कुठे आहे ते कळते. शाळा सांगेल त्या ठिकाणी, ओळखपत्र घेऊन जावे. तेथेही यादीतले नावच उपयोगी पडते.

एक गंमत सांगते. मार्च ते नोव्हेंबर महिन्याच्या पहिल्या शनिवारी दुपारी एक वाजता ओकलंड काउंटीत वादळाच्या भोंग्याची चाचणी होते. मी शब्बाथचे जेवून आडवी झाले होते. भोंगा ऐकताच नातीचा हात धरून ममाद शोधू लागले. नात म्हणाली, "सावता, हा नुसता सराव आहे. खरे असेल तर तळघरात जायचे, भिंतीशी बसायचे, डोके झाकायचे." आठ वर्षांची पोर! सराव कशासाठी, ते मला तिने शिकवले.

या वर्षी नोव्हायला गेले तेव्हा पहिल्याच दिवशी लेकीला विचारले, "फॉर्मवर माझे नाव घातलेस का?" तिने घातले होते. त्याच बाईंनी पासपोर्ट पाहिला, यादी पाहिली, दार उघडले आणि नात धावत आली. तुम्हीही तिकीट काढाल तेव्हा मुलांना हा एक प्रश्न नक्की विचारा.