सुवर्णपात्रांतील औषध

व्यसन सोडविण्यासाठीं पाश्चात्त्य देशांत जीं आलिशान व्यसनमुक्तिगृहें निघालीं आहेत, तेथें पोहण्याचे तलाव, निष्णात आचारी, स्वतंत्र दालनें अशी सर्व सिद्धता असते. परंतु सुवर्णपात्रांत घेतल्यानें औषधाचा गुण वाढतो काय?

अमेरिकेचे माजी राष्ट्राध्यक्ष जेराल्ड फोर्ड यांच्या पत्नी बेटी फोर्ड यांना मद्याचें व वेदनाशामक गोळ्यांचें व्यसन जडलें होतें. १९७८ सालीं घरच्या मंडळींनींच एकत्र जमून त्यांना तें स्पष्ट सांगितलें. लाँग बीच येथील नौदलाच्या रुग्णालयांत चार खाटांची खोली पाहून बाईंनीं स्वतंत्र खोलीचा आग्रह धरला. तेव्हां इतर स्त्रियांना हलविण्याची तयारी वैद्यांनीं दाखविली. त्यासरशी बाई ओशाळल्या व तेथेंच राहिल्या. १९८२ सालीं लेनर्ड फायरस्टोन यांच्यासह त्यांनीं कॅलिफोर्नियांत व्यसनमुक्तिकेंद्र स्थापिलें. तेथें १९८३ सालीं एलिझाबेथ टेलरसारख्या विख्यात नटीलाही खोलींत सोबतीण होती व रोजचीं कामें करावीं लागलीं.

मद्याइतकाच 'मी इतरांहून निराळा' हा अहंकारही सुटावा लागतो, हें त्यांतील मर्म होय. आपल्या घरीं असा प्रसंग आल्यास लोकलज्जेस्तव तो झांकूं नये; द्रव्य वेंचून माणूस दूर ठेवण्यापूर्वीं सर्वांनीं त्याच्याजवळ बसून प्रेमानें, पण स्पष्ट बोलावें.