आधी कालनिर्णय उतरवा

व्हिडिओ कॉल लागला. आत्याला काही विचारण्याआधी मानसतज्ज्ञ बाईंनी मला खोली दाखवायला सांगितली. मी फोन चारी भिंतींवरून फिरवला. "ते कालनिर्णय उतरवून ठेवा. टीव्ही बंद करा. आजींच्या कानात मशीन आहे ना?" पारनेर तालुक्यातल्या या घरात रेंज फक्त ओसरीच्या एका कोपऱ्यात येते, म्हणून खुर्ची तिथंच मांडली होती. पुण्यात बसलेल्या बाईंना फोनच्या चौकटीबाहेरचं काहीच दिसत नाही. म्हणून निम्मी तपासणी म्हणजे ही मांडामांडच.

आत्यानं पंचाहत्तरी ओलांडलीय, शाळा दुसरीपर्यंत. "वय झालं की विसरायचंच," असं घरात सगळे म्हणायचे. वहिनीला मात्र खटकत होतं. डेअरीच्या दुधाचा हिशोब आत्या वर्षानुवर्षं बोटांवर करायची, तो चुकू लागला होता. आणि एकच गोष्ट ती सकाळभर विचारत राहायची.

बाईंनी पाच शब्द सांगितले, आत्यानं ते लगेच म्हणून दाखवले. मग मध्ये दुसरी कामं. आठवड्याचे वार उलटे सांगा. शनिवार, शुक्रवार, गुरुवार, बुधवार... इथं ती अडखळली आणि मागं उभ्या वहिनीचे ओठ हलले. आवाज नव्हता, पण आत्याची नजर तिकडं गेलीच. बाई शांतपणे म्हणाल्या, "ताई, तुम्ही जरा अंगणात बसता का?" अडलेल्याला शब्द पुरवणं आपल्या घरांत इतकं अंगवळणी पडलंय, की दुखणं कित्येक वर्षं झाकलं जातं.

जिल्हा कुठला? "नगर." पूर्ण गुण. अहिल्यानगर हे नाव अधिकृत झालं 2024 मध्ये. जन्मभर नगर म्हणणाऱ्या बाईचा गुण त्यावरून कापणं अन्याय झाला असता. एका मिनिटात जनावरांची नावं सांगा म्हटल्यावर आत्यानं आधी गोठ्यातल्या गायींची नावं घेतली, कपिली, चांदी. बाईंनी तिला मध्येच तोडलं नाही, फक्त पुन्हा समजावलं. मग शेळी, मेंढी, रेडा, कोल्हा, असं सुरू झालं.

शेवटी पुन्हा तेच पाच शब्द. दोन आले. "एक भाजी होती," असा इशारा मिळाल्यावर "वांगं" आलं. "एक दागिना होता," यावर मात्र आत्या नुसती बघत राहिली. सगळं वजन इथं असतं. इशाऱ्यानं सापडलेला शब्द आत साठलेला असतो, तो फक्त वर काढता येत नसतो. उदासीनतेत असं होऊ शकतं. इशाऱ्यानंही न सापडणारा शब्द साठलाच नसण्याची शक्यता असते, आणि अल्झायमरची सुरुवात बहुधा तशी होते. अर्थात एका शब्दावर कुणी निदान करत नाही. बाईंनीही केलं नाही. बी-12 आणि थायरॉईडच्या रक्ततपासण्या लिहून दिल्या, कारण या दोन्हींच्या कमतरतेमुळे होणारा विसर उपचारानं सुधारू शकतो. सहा महिन्यांनी पुन्हा चाचणी.

वारांचा हा प्रश्न मला फार मोलाचा वाटतो. 1975 मध्ये अमेरिकेत फोलस्टीन दांपत्य आणि मॅकह्यू यांनी केलेली तीस गुणांची चाचणी जगभर चालते. तिच्यात शंभरातून सात-सात वजा करायचे, एक वाक्य लिहायचं. न शिकलेल्या माणसाची त्यात स्मृती नव्हे, शाळा मोजली जाते. हरियाणातल्या बल्लभगढच्या खेड्यांत काम करणाऱ्या मेरी गांगुली आणि सहकाऱ्यांनी 1995 मध्ये तिचं हिंदी रूप प्रसिद्ध केलं. त्यात सातच्या वजाबाकीऐवजी आठवड्याचे वार उलटे सांगायचे. 'डोळे मिटा' हे वाचून करायच्या ऐवजी तपासणाऱ्याचं बघून तसंच करायचं. लिहायच्या वाक्याऐवजी आपल्या घराविषयी काहीतरी सांगायचं.

आता तपासणाऱ्या माणसाशिवाय चालणारी अॅपही आली आहेत. जर्मनीत माग्देबुर्गच्या संशोधकांनी केलेल्या चाचण्यांत फोनवर खोलीचं चित्र दिसतं आणि कुठली वस्तू कुठं होती हे काही वेळानं सांगावं लागतं. त्या घरबसल्या, पुन्हा पुन्हा करता येतात. दवाखान्यातल्या एका घाबरलेल्या सकाळीपेक्षा हे नक्कीच चांगलं, कारण माणसाची तुलना त्याच्या स्वतःशीच होते. पण खुरपं धरून राठ झालेलं आत्याचं बोट पडद्याला कळतच नाही. दोनदा दाबूनही चित्र हललं नाही, तर अॅप तिला मंद ठरवेल. देशातल्या साठीपुढच्या 7.4 टक्के लोकांना, म्हणजे सुमारे 88 लाखांना डिमेन्शिया असल्याचा अंदाज 2023 मध्ये प्रसिद्ध झाला. त्यात प्रमाण जास्त आहे खेड्यांत आणि बायकांत. ज्यांच्यापर्यंत ही चाचणी आधी पोचायला हवी, त्यांच्याच हाताला ती बसत नाही.

म्हणून मला फोनशेजारी माणूस हवा वाटतो, आणि तो या जिल्ह्याला परका नाही. जामखेडला 1970 मध्ये डॉ. रजनीकांत आणि डॉ. मेबल आरोळे यांनी प्रकल्प सुरू केला आणि गावोगावच्या, बहुतेक शाळा न पाहिलेल्या बायकांना आरोग्यसेविका म्हणून तयार केलं. आज गावात आशाताई आहेत. खोली नीट लावणं, सूनबाईंना अंगणात बसवणं, आजीच्या वतीनं पडद्यावर बोट ठेवणं, हे त्या शिकू शकतात. बल्लभगढच्याच कामातून घरच्यांना विचारायची एक प्रश्नावलीही निघाली: जेवल्याचं विसरतात का, गावात वाट चुकतात का, घरातल्या मोठ्या निर्णयात मत देतात का. त्यासाठी ना रेंजचा कोपरा लागतो, ना टचस्क्रीन. दुधाचा हिशोब चुकतोय, हे वहिनीनं चाचणीच्या कितीतरी आधी सांगितलं होतं. ते लिहून घेण्याची जागा त्या अॅपमध्ये पहिल्याच पानावर असायला हवी.