जुना नळ आणि नवे भांडे

संडासातील भांडे एकदा बसविले म्हणजे पंचवीस-तीस वर्षे त्याकडे कोणी फारसे लक्ष देत नाही. मग केव्हा तरी त्याला तडा जातो, किंवा गुडघेदुखीमुळे घरातील वडीलधाऱ्यांना उकिडवे बसणे अशक्य होते, आणि नवे भांडे आणण्याचा प्रश्न उभा राहतो. अशा वेळी बहुतेक लोक प्रथम दुकानात जातात, रंग, घाट व किंमत पाहून भांडे पसंत करतात आणि नंतर प्लंबरला बोलावतात. जुने भांडे उखडल्यावर ध्यानात येते की, नव्या भांड्याचे तोंड आणि जमिनीतील नळाचे तोंड यांचा मेळच बसत नाही. घरातील संडास तोवर बंद पडलेला असतो. म्हणून हा क्रम उलटा हवा. प्रथम नळ पाहावा, मग भांडे निवडावे.

पाण्याचे बूच

ही निवड समजण्यासाठी भांड्याचे कार्य समजले पाहिजे. मैला वाहून नेणाऱ्या नळात दुर्गंधियुक्त वायू सतत तयार होत असतात. ते घरात येऊ नयेत म्हणून भांड्याच्या मार्गात एक वळण दिलेले असते. या वळणात नेहमी थोडे पाणी साचून राहते आणि तेच बुचाचे काम करते. लंडनमध्ये घड्याळे बनविणारे स्कॉटिश कारागीर अलेक्झांडर कमिंग यांनी १७७५ साली अशा वळणाच्या शौचकूपाचे एकस्व घेतले. आज या वळणाला ‘ट्रॅप’ म्हणतात. त्यातील बुचाची खोली सर्वसाधारणपणे ५० मिलिमीटर असते. नव्या भांड्याची जोडणी करताना हे बूच अबाधित राहिले पाहिजे व नळाचा मार्गही मोकळा राहिला पाहिजे.

नळाचे तोंड कोठे आहे?

कमोडमध्ये हे वळण भांड्याच्या अंगातच घडविलेले असते. त्यातून पाणी बाहेर पडण्याच्या दोन रीती आहेत. ‘एस’ प्रकारात ते सरळ खाली, जमिनीतील नळात उतरते. ‘पी’ प्रकारात ते मागे, भिंतीतील नळात जाते. या दोन इंग्रजी अक्षरांच्या वळणांवरूनच ही नावे पडली आहेत.

‘एस’ प्रकारात महत्त्वाचे माप एकच : मागील भिंतीपासून जमिनीतील नळाच्या मध्यबिंदूपर्यंतचे अंतर. भारतीय बाजारात १००, २२५ आणि ३०० मिलिमीटर अंतराची भांडी सामान्यतः आढळतात. नळ २२५ मिलिमीटरवर असता ३०० मिलिमीटरचे भांडे आणले, तर ते भिंतीत शिरू पाहते. १०० मिलिमीटरचे आणले, तर मागे निरुपयोगी पोकळी राहते. ‘पी’ प्रकारात तयार फरशीपासून नळाच्या मध्यबिंदूची उंची मोजावी लागते. ती बहुधा १८० मिलिमीटरच्या आसपास असते.

अंतर मोजताना टोक भिंतीच्या विटेला न लावता तिच्या तयार पृष्ठभागाला लावावे. जुन्या टाइलवर नवी टाइल चढविण्याचा विचार असेल, तर टाइल व तिच्याखालील थर यांची जाडी आधीच वजा करावी. फरशी उंचावली की भिंतीतील नळाची उंचीही तितकीच कमी होते, हे अनेकांच्या लक्षात राहत नाही. किंचित फरक असल्यास रबरी कडीचा जोडनळ तो सामावून घेतो. परंतु अनेक तीव्र वळणे घेत जाणारा जोड प्रवाहाचा वेग मारतो आणि तेथे मैला अडकू लागतो.

दोन ट्रॅपांची अडचण

भारतातील जुन्या घरांत सर्वाधिक फसगत होते ती उकिडवे भांडे काढून त्याच्या जागी कमोड बसविताना. उकिडव्या भांड्याचा ट्रॅप बहुधा वेगळा असतो आणि तो फरशीखाली पुरलेला असतो. तो तसाच ठेवून वर कमोड बसविला, की एकाखाली एक असे दोन ट्रॅप होतात. दोन्ही बुचांच्या मध्ये हवा कोंडते, वरून येणाऱ्या पाण्याला ती अडवते आणि मैला पुढे सरकत नाही. भांडे सदोष निघाले, असा समज होतो. वस्तुतः दोष जोडणीचा असतो.

यावर उपाय एकच : खालचा ट्रॅप काढून सरळ नळ जोडणे. त्यासाठी फरशी फोडावी लागते. मजल्यांच्या इमारतीत फरशीखाली पाणी अडविणारा थर असतो. तो फुटला आणि पुन्हा नीट घातला नाही, तर ओल खालच्या बिऱ्हाडाच्या छतात उतरते. म्हणून हा खर्च आरंभीच हिशेबात धरावा.

पाणी किती?

जुन्या टाक्या एका वेळी सुमारे १० लिटर पाणी सोडत. आजच्या दोन बटणांच्या अनेक टाक्या ३ किंवा ६ लिटर सोडतात. पाच माणसांच्या घरी प्रत्येकाने दिवसातून चार वेळा टाकी सोडली, तर जुन्या टाकीने २०० लिटर पाणी जाते. नव्या टाकीने, चारपैकी एकदाच मोठे बटण दाबल्यास, ७५ लिटर पुरते. तथापि जुन्या भांड्यावर केवळ नवी लहान टाकी बसवू नये. १० लिटरसाठी घडविलेले भांडे ६ लिटरमध्ये स्वच्छ होईलच असे नाही. भांडे व टाकी यांची जोडी जुळलेली असावी.

मैला शोषखड्ड्यात जात असेल, तर विचार आणखी वेगळा. दोन खड्ड्यांच्या ग्रामीण संडासाचे भांडे तीव्र उताराचे असते. त्याच्या बुचाची खोली केवळ २० मिलिमीटर असल्याने हाताने ओतलेले दीड-दोन लिटर पाणी त्याला पुरते. तेथे शहरी टाकी व कमोड बसविल्यास खड्ड्याभोवतालच्या मातीवर नाहक पाण्याचा भार पडतो.

खरेदीपूर्वी

दुकानात जाण्यापूर्वी एका कागदावर इतके लिहून न्यावे : नळ जमिनीत आहे की भिंतीत, त्याचे अंतर अथवा उंची, त्याचा व्यास, फरशीखाली जुना ट्रॅप आहे काय, आणि दार उघडल्यावर पुढे किती जागा उरते. गुडघे दुखणाऱ्यांसाठी बैठकीची उंचीही लिहावी. नेहमीच्या ४०० मिलिमीटरऐवजी ४५० मिलिमीटरच्या सुमाराची बैठक त्यांना उठण्यास सोयीची पडते. नळाचे तोंड दिसत नसेल, तर प्लंबरकडून आधी तपासणी करून घ्यावी. ही मापे भांड्यासोबतच्या आराखड्याशी ताडून पाहावी आणि ती जुळली, तरच रंगाकडे वळावे. भांडे बसविल्यावर अनेकदा पाणी सोडून सांधा कोरडा राहतो काय, हे पाहावे, आणि खालच्या बिऱ्हाडाचे छतही एकदा पाहून यावे.