सात दिवसांत गोरेपणा? आधी डबीवरचं लेबल वाचा

स्थळाला मुलीचा फोटो पाठवायचा तर आता स्टुडिओत जावं लागत नाही. मोबाईलच्या कॅमेऱ्यातच 'ब्युटी' नावाची सोय असते आणि कित्येक फोनमध्ये ती आधीपासून चालूच असते. फोन चेहरा ओळखतो, डाग पुसतो, रंग उजळतो, हनुवटी निमुळती करतो. बघणारा म्हणतो, फोटो छान आला. मुलीला मात्र आरशातला स्वतःचाच चेहरा त्यापुढे फिका वाटायला लागतो. शिकायला पुण्यात राहिलेली पोर असो की गावातली सून, दोघींच्या हातात फोन तोच.

गोरेपणाचं हे वेड मोबाईलने आणलेलं नाही. 'फेअर अँड लव्हली' बाजारात आली 1975 साली. पुढे टीव्हीवरच्या तिच्या जाहिरातींची गोष्ट बहुतेक एकच असायची: सावळ्या मुलीला नोकरी नाही, स्थळ नाही, क्रीम लावली की मिळालं! एका जाहिरातीत तर मुलगा नाही म्हणून हळहळणारा बाप दाखवला होता. अखिल भारतीय जनवादी महिला संघटनेने त्याविरुद्ध तक्रारी केल्या आणि 2003 मध्ये ती जाहिरात बंद झाली. 2020 मध्ये क्रीमच्या नावातला 'फेअर' शब्दही गेला. लग्नाच्या बायोडाटातला 'गोरी, सडपातळ' मात्र अजून जात नाही. पुण्यातच 1955 साली जन्मलेल्या स्मिता पाटील सावळ्याच होत्या. मुंबई दूरदर्शनवर त्यांनी बातम्या वाचल्या, 'जैत रे जैत', 'उंबरठा' गाजवले, पण सून बघायला गेलं की ते कुणाला आठवत नाही.

टीव्हीच्या जाहिरातीवर निदान तक्रार तरी करता येत होती. रीलमध्ये कुणीही 'आधी' आणि 'नंतर'चे दोन फोटो दाखवतं आणि खाली ऑर्डरसाठी नंबर देतं. एक व्हिडिओ थांबून पाहिला की फोन तसलेच दहा पुढे आणतो. घरी येते ती बिनबिलाची डबी.

अकोल्यात अशाच एका क्रीमनंतर एकाच घरातल्या तिघींच्या किडनीला सूज आली. 2022 मधली ही घटना. मुंबईच्या केईएम रुग्णालयाच्या डॉक्टरांनी शोध घेतला, तेव्हा क्रीममध्ये पारा निघाला. पारा त्वचेत रंग तयार होऊ देत नाही, म्हणून चेहरा पटकन उजळतो. पण तो त्वचेतून रक्तात जातो आणि किडनीची गाळणी बिघडवतो. मग लघवीला फेस येतो, पायावर, डोळ्यांखाली सूज येते. शिवाय उशी-टॉवेलवरून तो घरातल्या लहान मुलांपर्यंतही पोचू शकतो. कायद्याने सौंदर्यप्रसाधनात पारा घालता येत नाही.

दुसरा धोका स्टेरॉइडचा. बीटामेथासोन, मोमेटासोन, क्लोबेटासोल ही नावं ट्यूबवर दिसली तर ती सौंदर्याची क्रीम नाही, औषध आहे. 2018 पासून अशी मलमं डॉक्टरच्या चिठ्ठीशिवाय विकायला बंदी आहे, तरी मेडिकलमध्ये 'गोरं व्हायची ट्यूब' मागितली की कुठे कुठे हीच हातात पडते. पहिले काही आठवडे चेहरा चमकतो. नंतर कातडी पातळ होते, उन्हात आग होते, पुरळ आणि लव वाढते. ट्यूब बंद केली की त्रास उसळतो, म्हणून बाई पुन्हा तीच लावते.

डबीवर बनवणाऱ्याचं नाव-पत्ता, परवाना क्रमांक, बॅच नंबर आणि शेवटची तारीख नसेल तर ती घेऊ नये. परदेशी माल असेल तर आयात नोंदणी क्रमांक बघावा. 'मर्क्युरी' किंवा 'कॅलोमेल' लिहिलेलं असेल तर तो पाराच. पण पारा घालणारा ते लिहीलच असं नाही. अशा मालाची तक्रार अन्न व औषध प्रशासनाकडे करता येते.

आधीच लावत असाल तर पाऱ्याचा संशय असलेली डबी लगेच थांबवा. स्टेरॉइडची ट्यूब बरेच दिवस लावली असेल तर ती कशी सोडायची ते त्वचारोग डॉक्टरांना विचारा. ससूनसारख्या सरकारी रुग्णालयात त्वचारोग विभाग असतो. जाताना डबी सोबत न्या आणि सूज किंवा फेस दिसत असेल तर लघवीची तपासणी सांगा.